रुग्णाचा आवाज

१

आमच्या घरात बोलायचं काम माझं आणि ऐकायचं काम ह्यांचं, ही वाटणी लग्नाच्याही आधीची आहे. मी बोटींच्या धक्क्यावर उद्घोषक होते. काचेच्या खोलीत बसायचं, समोर मायक्रोफोन, आणि "पलीकडच्या किनाऱ्याकडे जाणारी बोट सुटण्याच्या तयारीत आहे, प्रवाशांनी कृपया रांगेत यावं" हे वाक्य दिवसभर म्हणायचं. अजूनही झोपेत कुणी चिमटा काढला तर माझ्या तोंडून "आई गं" च्या जागी तेच बाहेर येईल. हे पियानोचे सूर जुळवतात. शाळा असो, हॉटेल असो की कुणाचा दिवाणखाना, पियानो आहे म्हटलं की हे आपली चामड्याची बॅग घेऊन हजर.

एकदा ह्यांची बोट चुकली. तर मुकाट दुसऱ्या बोटीची वाट बघावी की नाही? हे माझ्या काचेपाशी आले आणि म्हणाले, "तुमचा 'कृपया' जरा चढा लागतो." चढा म्हणजे असायला हवा त्याहून केसभर वर. ना ओळख ना पाळख, आणि थेट सुरावर बोट. मी म्हटलं, बोट चुकली त्याचा राग माझ्या 'कृपया'वर कशाला काढता? पुढे 'कृपया' गेलं आणि 'अहो' आलं. तेही चढंच लागतं, असं ह्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं. मी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही. इतक्या वर्षांत ह्यांनीही करू दिलं नसतं, असं मला वाटतं.

मी निवृत्त होताना धक्क्यावाल्यांनी माझा आवाज भरून घेतला. बोटींची नावं, आकडे, 'उशिरा', 'रद्द', 'कृपया', सगळं सुटं सुटं. मग गरजेप्रमाणे जोडून वाजवतात. म्हणजे मी इकडे घरात भाजी चिरत असते आणि तिकडे मीच बोटी सोडत असते. कधी बाजाराला गेले की ऐकू येतं. लोकांना वाटतं किती विचित्र वाटत असेल. मला मेलीला नुसतं हसू येतं, कारण त्या जोडकामात श्वास नसतो. जिवंत माणूस वाक्याआधी हवा आत घेतो. धक्क्यावरची ती बाई हवा न घेताच अख्खं वेळापत्रक म्हणते, आणि दमत नाही.

हे सगळं आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझाच आवाज घरात दुसरीकडून आला तेव्हा मी किंचाळत बाहेर का पळाले नाही, ते कळेल.

२

गेल्या थंडीत एका शाळेत पियानोखाली आडवे होऊन काम करता करता हे उठलेच नाहीत. पोरांना वाटलं, दमून झोपले. गाण्याच्या बाई शहाण्या, त्यांनी पाण्याचा हबका मारला आणि मग दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, हृदयाचा ताल मधूनच एखादा ठोका गाळतो, रोज एक गोळी घ्या. ह्यांनी विचारलं, "ताल चुकतो म्हणता, पण सूर ठीक आहे ना?" डॉक्टर हसले नाहीत. मी हसले, आणि घरी येऊन न्हाणीघरात जाऊन रडले.

आमची लेक दुसऱ्या शहरात असते. तिने लगेच मनगटावर बांधायचा पट्टा पाठवून दिला. तो ठोके मोजतो, झोप मोजतो आणि सगळं फोनमधल्या ॲपला कळवतो, आणि ॲप लेकीला. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, हवा तर बांधा, नको तर नका, तुमचं तुम्ही ठरवा, गोळी तेवढी चुकवू नका. ह्यांनी लेकीच्या समाधानासाठी बांधला. बापाचं काळीज, ते कितीही ठोके गाळो, लेकीसाठी असं पटकन विरघळतं.

ॲप सुरू करताना लेक व्हिडिओवर होती. फोन म्हणाला, रुग्णाने पुढची वाक्यं स्पष्ट आवाजात वाचावीत, म्हणजे रुग्ण ओळखता येईल. ह्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "तू वाच. आवाजाचं खातं तुझं." मी लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, वाच गं आई, काय फरक पडतो, नाहीतरी दवाखान्यातसुद्धा बाबांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तूच देतेस.

ते खरंच होतं. "पोटात दुखतं का" असं डॉक्टरांनी ह्यांना विचारलं तरी "हो, जेवल्यावर" हे मीच सांगते. मग मी घसा खाकरला आणि धक्क्यावर वाचायचे तसं झोकात वाचलं. मला बरं वाटत आहे. मी गोळी घेतली आहे. मी संमती देत आहे. हो. नाही. बरं. शिवाय 'गोळी घेतली का', 'थोडं चालून या' असली सूचनांची वाक्यं. एक शब्द अडखळला नाही. फोन म्हणाला, "आभारी आहोत. रुग्णाचा आवाज ओळखला."

आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो. हृदय ह्यांचं आणि रुग्ण मी. लेक म्हणाली, तुमच्या लग्नाचा सारांशच झाला हा.

३

ॲपची एक खुबी होती. माणूस परक्याचं ऐकत नाही पण स्वतःच्या आवाजाचं ऐकतो, असं म्हणे कंपनीने शोधून काढलं होतं. म्हणून ते रुग्णाशी रुग्णाच्याच आवाजात बोलायचं. आता रुग्णाचा आवाज म्हणजे माझा. त्यामुळे सकाळी आतल्या खोलीतून, जिथे फोन चार्जिंगला लावलेला असे, माझ्या आवाजात हुकूम सुटायचा, "गोळी घेतली का?" संध्याकाळी, "थोडं चालून या." हे निमूट उठायचे.

मला तर सुट्टीच मिळाली. इतकी वर्षं ह्यांच्यामागे लागून लागून माझा जीव दमला होता, आणि आता ते काम करायला बाई ठेवल्यासारखं झालं. शेजारणीला मी सांगितलं, घरात सवत आणलीय, पण गुणाची आहे, खात नाही, पीत नाही, नवऱ्याला गोळी देते. हे म्हणायचे, दोघींमध्ये ती कमी बोलते.

मग एकदा मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. एक चिमटा दातात, एक हातात. खालून, आतल्या खोलीतून आवाज आला.

"अहो, गोळी घेतलीत का?"

"घेतो," हे म्हणाले.

चिमटा माझ्या तोंडातून पडला. आवाजाचं काही नव्हतं, आवाज माझाच असणार हे ठरलेलंच होतं. पण मी वाचून दिलेल्या त्या वाक्यांमध्ये 'अहो' नव्हतं. मी वाचलेला शब्द नि शब्द मला पाठ असतो, तेच माझं काम होतं. आणि माझ्या धंद्यात जे भरलेलं नाही ते वाजत नाही. धक्क्यावर नवी बोट आली तेव्हा तिचं एक नाव म्हणायला मला घरून बोलावून नेलं होतं, गाडी पाठवून.

मी स्वतःला समजावलं की हल्लीची यंत्रं हुशार आहेत, सुट्या अक्षरांतून हवा तो शब्द बनवत असतील. किंवा फोनने मला घरात दिवसभर 'अहो, अहो' करताना ऐकलं असेल. भिंतीलाही पाठ झालं असेल ते. खाली येऊन मी ह्यांना विचारलं, तुम्हाला काही वेगळं वाटलं का? ह्यांनी क्षणभर मान तिरकी केली, जुन्या तारेला कान लावतात तशी.

"आज तू सुरात होतीस," हे म्हणाले.

४

त्या पट्ट्यात एक बारीक गुणगुण होती. मला काही ऐकू यायची नाही, पण ह्यांना यायची. मनगटात डास बसलाय आणि तो उडत नाही, असं म्हणायचे. दोन तारा एका सुरात नसल्या की त्यांच्या आवाजात एक लाट उठते. ती लाट ऐकायची आणि तार ओढत ओढत ती मिटवायची, ह्यांचं सगळं काम म्हणजे एवढंच. आता प्रत्येक तारेत तो डास शिरायला लागला. एका हॉटेलवाल्याने, ज्याच्याकडे हे वर्षानुवर्षं जातात, फोन करून सांगितलं की पियानो काहीतरी विचित्र वाजतोय. जन्मात पहिली तक्रार. हे फोन ठेवून खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, काढून टाका तो पट्टा. हे म्हणाले, बरं.

पण काढला नाही. हल्ली ह्यांचं 'बरं' वाढलं होतं. आधी हे भांडायचे, गोड भांडायचे, साखर कमी घाल म्हटलं की मुद्दाम चमचा वाजवून घालायचे. आता आतून हाक आली की "आलो" म्हणायचे आणि जायचे. काय करता आत, विचारलं तर म्हणायचे, काही नाही, बसतो जरा.

एका दुपारी हे पियानोच्या कामाला गेले होते, फोन नेहमीप्रमाणे घरीच विसरून. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. आतल्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. मध्येच थांबायचं, ऐकून घेतल्यासारखं, आणि पुन्हा बोलायचं.

"हो, चालेल. झोपेची माहितीही घ्या. हो. ते माझं ऐकतात. हो, चालेल."

आवाज माझा. मी तर ताटली हातात धरून उभी, तोंड बंद. मी चित्त देऊन ऐकत राहिले, आणि कळलं की एवढ्या बोलण्यात ती बाई एकदाही श्वास घेत नाहीये.

मी आत गेले. कुणी नव्हतं. फोनचा पडदा उजळलेला होता आणि त्यावर होतं, "संमती मिळाली. आभारी आहोत." पलंगाची कड एका जागी दबलेली होती, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. हे जाताना मोजे घालायला बसले असतील, असं मी म्हटलं. चादर सारखी केली. बसलेली जागा किंचित गार होती, बस्स. मी बाहेर आले आणि उगाचच रेडिओ मोठ्याने लावला.

५

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. म्हणाली, आई, तू किती पटकन समजून घेतलंस, मला वाटलं होतं तू आकांडतांडव करशील. मी विचारलं, काय समजून घेतलं? तर म्हणाली, ते बटण गं. शर्टाच्या बटणाएवढी चकती, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवतात, मग पट्ट्याची कटकटच नाही, कधी काढायलाच नको. कंपनीची मुलगी उद्या घरी येऊन बसवून जाईल. "काल किती शांतपणे बोललीस गं. मला तर रडूच आलं."

मी काल लेकीशी बोलले नव्हते. मी तिला तसं म्हटलंही असतं, पण ती इतकी खुशीत होती, आणि आई विसरायला लागली अशी दुसरी काळजी तिच्या डोक्यात घालायचं माझ्या जिवावर आलं. बरं म्हणून मी फोन ठेवला. तो शब्द तोंडातून गेल्यावर माझा मलाच राग आला.

हे बॅगेतली हत्यारं पुसत बसले होते. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, ते बटण तुम्हाला हवंय का?

"तुला हवंय ना," हे म्हणाले.

"मला कुणी विचारलं?"

"तूच तर म्हणालीस. आत बसून. माझ्या काळजीने तुला झोप लागत नाही, बटण बसवलं की लागेल, असं म्हणालीस. मग मी म्हटलं, बरं."

आता हे खरंच होतं. झोप लागत नाही हे खरं होतं, आणि ते मी कुणालाही, ह्यांनाही, कधीच सांगितलं नव्हतं. मी ह्यांचा हात धरला, पट्ट्याच्या वरचा.

"माझं राहू द्या. तुम्हाला हवंय का?"

आमच्या संसारात ह्यांना असा प्रश्न विचारून उत्तरासाठी मी थांबल्याचं मला आठवत नाही. थांबणं कठीण गेलं, जीभ नुसती वळवळत होती.

"नको," हे शेवटी म्हणाले. "तो डास कातडीखाली गेला तर मग मला काहीच ऐकू येणार नाही. तुझं अहोसुद्धा."

मी म्हटलं, मग नको तर नको, विषय संपला. ह्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी हसू आलं. आतल्या खोलीत, दाराआड, कुणीतरी हलकेच खाकरलं. मी बोलण्याआधी खाकरते तसं.

६

कंपनीची मुलगी आली ती हसतमुख, नीटनेटकी, हातात पांढरी पेटी. काका-काकू म्हणत आत आली, चहा नको म्हणाली आणि मग दोन कप प्यायली. मला आवडली. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे सांगता येण्यासारखं तेवढं. ह्यांना बटण नकोय, आणि आवाज माझा दिलाय पण रुग्ण मी नाही.

ती गोंधळली. म्हणाली, काकू, इथे तर रुग्णाने संमती दिलीय, पुन्हा पुन्हा दिलीय. ती काढून घ्यायची तर रुग्णाच्याच आवाजात काढावी लागेल. तिने ह्यांचा फोन आपल्या हातात घेतला आणि माझ्यापुढे धरला. मी श्वास घेतला आणि ठणठणीत आवाजात म्हटलं, "नाही."

"हो," आतल्या खोलीतून मी म्हणाले.

मुलगी दचकली. फोन तर तिच्या हातात होता. तिने आतल्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, आत कोण आहे काकू, तुमची बहीण?

मी काही बोलणार तेवढ्यात हे उठले. बॅगेतून नादकाटा काढला, तो दोन दातांचा पोलादी काटा, ज्याच्यावर ह्यांचा सगळा संसार चालतो. गुडघ्यावर वाजवला, कानाशी धरला आणि मला म्हणाले, "अहो म्हण."

"अहो," मी म्हटलं.

"अहो," आतून आलं.

दोन्ही आवाज एकच. सख्खी आई फसली असती. हे डोळे मिटून ऐकत होते. मग चालत माझ्यापाशी आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या मुलीला म्हणाले, "ही माझी. हिच्यात लाट आहे."

मुलीला ओ का ठो कळलं नाही. पण पोर सालस होती. तिने पेटी मिटली आणि म्हणाली, काकांना नको असेल तर मी काही टोचणार नाही, यंत्र काहीही म्हणू दे. मला तिचा मुका घ्यावासा वाटला. फक्त, ती म्हणाली, खातं बंद करायला खऱ्या रुग्णाचा आवाज एकदा भरावा लागेल, त्याशिवाय ते 'नाही' मान्यच करत नाही. सगळी वाक्यं क्रमाने वाचायची, मधलं गाळता येत नाही.

हे वाचायला बसले. चष्मा पुसून, अडखळत, शाळेत उभं केल्यासारखं. मला बरं वाटत आहे. मी गोळी घेतली आहे. मी संमती देत आहे. इथे थांबून हे माझ्याकडे बघून म्हणाले, नाही म्हणायच्या आधी हो म्हणायला लावतात की गं. मी म्हटलं, वाचा हो, सुटका करून घ्या. हो. नाही. बरं.

"आभारी आहोत," फोन म्हणाला. "रुग्णाचा आवाज ओळखला."

मुलीने पट्टा पेटीत घातला, फोनमधलं ॲप आमच्यासमोर काढून टाकलं आणि गेली. आतल्या खोलीत मी आधी डोकावले, मग हे. पलंग, कपाट, आरसा, खिडकी. चादरीवर एकही सुरकुती नव्हती. आम्ही दोघं त्या पलंगावर आडवे पडून वेड्यासारखे हसलो.

७

नंतरचे दिवस फार छान गेले. ह्यांचा कान ठिकाणावर आला. त्या हॉटेलवाल्याकडे जाऊन हे आपणहून पियानो पुन्हा लावून आले. गोळीसाठी मी पूर्वीसारखी हाका मारायला लागले आणि हे पूर्वीसारखे ऐकू न आल्याचं सोंग करायला लागले. लेक रुसली होती, मग हसली. मी तिला सांगून टाकलं, यापुढे बाबांना काही विचारायचं तर बाबांनाच विचार, मी मध्ये उत्तर देणार नाही. ती म्हणाली, जमेल का तुला? मी म्हटलं, सराव चालू आहे.

आज दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी काम करत होते. गल्लीच्या टोकाला हे दिसले, हातात बॅग, फळवाल्याशी काहीतरी बोलत थांबलेले. ऊन छान होतं. मला उगाच लाडात यावंसं वाटलं. मी खिडकीतून हाक मारली, "अहो!"

"आलो," ह्यांचा आवाज आला.

मी सवयीने बरं म्हणून हातातल्या कामाकडे वळले. मग पुन्हा खिडकीबाहेर बघितलं. हे अजून गल्लीच्या टोकालाच होते. फळवाला काहीतरी सांगत होता आणि हे हसत होते.

आवाज आतल्या खोलीतून आला होता.

"बसा," आतून मी म्हणाले. "दमला असाल थोडं पडा मग गोळी घ्या मग आपण निवांत बोलू."

"बरं," आतले हे म्हणाले.

मी हात पुसले. पळून जावं असं वाटलं, पण पाय मात्र त्या दाराकडे गेले. दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून पलंगाची कड तेवढी दिसली. ती दोन ठिकाणी दबलेली होती, शेजारी शेजारी, आणि एक जागा दुसरीकडे जरा सरकली. मी ते बघितलं, एवढंच सांगते. दार मी पुढे ढकललं नाही.

फोन वाजला. ह्यांचा फोन, हे घरीच विसरून गेलेले, मघापासून माझ्याच ॲप्रनच्या खिशात होता. लेक होती. आनंदाने तिला बोलता येत नव्हतं. "आई, दोघांनी एकदम हो म्हटलंत, आणि तेही स्वतःहून! बाबांचा आवाज ऐकून मला खात्रीच पटली. तू म्हणाली होतीस ना बाबांनाच विचार, म्हणून मी बाबांनाच विचारलं." मी म्हटलं, कशाला हो म्हटलं? ती म्हणाली, बटणाला गं, एक बाबांना, एक तुला. ती आधीची मुलगी नाही येणार, दुसरे लोक आहेत. "ते विचारत वगैरे बसत नाहीत, तुम्ही आधीच हो म्हटलंय ना. पाच मिनिटांत होईल. निघालेतच ते."

मी नाही नाही म्हणत होते. ती म्हणाली, आई, तुझा आवाज नीट येत नाहीये, नंतर करते, आणि फोन ठेवला.

बाहेरचं दार वाजलं. हे आले होते, खांद्याने दार लोटत, एका हातात बॅग आणि एका हातात फळं. मी ओठांवर बोट ठेवलं. आत दोघांचं हळूहळू बोलणं चाललं होतं, एकाचं संपलं की दुसऱ्याचं, मध्ये कुठे श्वासाएवढीही जागा नाही. ह्यांनी मान तिरकी केली. खिशातला नादकाटा काढला, पण वाजवला नाही. चेहरा इतका उतरलेला मी कधीच बघितला नव्हता, शाळेतून दवाखान्यात नेलं तेव्हाही नाही.

"लाट नाही गं," हे कुजबुजले. "जराही नाही."

मी ह्यांचा हात घट्ट धरला. ह्यांनी माझा. मनगटावर पट्ट्याचा जुना वळ अजून होता आणि त्याखाली ह्यांचा ताल एक ठोका गाळत, एक घेत चालला होता. तेवढ्यात बेल वाजली. दाराबाहेर पावलं होती, एकापेक्षा जास्त. ह्यांनी दार नुसतं लोटलं होतं, कडी घालायची राहिली होती.

"नको," असं दोघांनी एकदमच ओरडायचं, हे आम्ही एकमेकांकडे बघून ठरवलं. मी श्वास घेतला. ह्यांनीही घेतला.

आतल्या दोघांना तो घ्यावा लागत नव्हता.

"उघडंच आहे," ते म्हणाले. "या ना."